पट्टा नाही, तरी इंजिन थंड कसं राहतं?

उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण या व्याख्या मुलांच्या तोंडपाठ असतात. पण ‘गाडीचं इंजिन एवढं तापतं, मग वितळत का नाही?’ असं विचारा, वर्ग चिडीचूप! माझं स्पष्ट मत आहे, की आपल्या शहरात तरी हा धडा आधी रस्त्यावर शिकवावा, मग पुस्तकात.

सुरुवात रिक्षापासून करा. वाळूजला बजाजच्या रिक्षा बनतात, त्यामुळे वर्गात कुणाचे ना कुणाचे बाबा-काका त्या कामातले निघतातच. नेहमीच्या छोट्या पेट्रोल रिक्षाला ना रेडिएटर, ना पट्टा. इंजिनाच्या फिरत्या चाकावरच पंखा बसवलेला असतो. तो हवा ओढून इंजिनाच्या पात्यांवरून सोडतो. मोटारसायकलला तोही नाही, नुसत्या पात्या आणि समोरून येणारा वारा. म्हणून तर ती क्रांती चौकातल्या सिग्नलला उभी राहिली की तापते.

कारमध्ये पाणी (म्हणजे कूलंट) फिरवायला पंप असतो. बऱ्याच गाड्यांत तो बाहेरच्या पट्ट्यावर चालतो. पट्टा तुटला तर? मुलं हमखास म्हणतात, ‘पंखा तर फिरतोय ना, मॅडम!’ खरंय, हल्लीचा पंखा विजेवर चालतो. पण इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरपर्यंत गेलंच नाही, तर पंखा थंड करणार काय? माझ्या मते इथे थांबून मुलांना भांडू द्यावं.

मग सांगा, की काही गाड्यांत पंप आतल्या टायमिंग बेल्टवर असतो, तर २००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये तो थेट विजेवर. आणि जुन्या फोर्ड मॉडेल टी मध्ये (अगदी सुरुवातीच्या सोडल्या तर) पंपच नव्हता! गरम पाणी वर चढायचं, थंड होऊन खाली यायचं. पाणचक्कीलाही पंपाशिवाय पाणी येतं, पण ते उतारामुळे. हा फरक मुलांकडूनच काढून घ्या.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. काटा लाल रेघेवर गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघालं, दाब गेला, की ते एकदम उसळून तोंडावर येतं. चौथीतल्या पोराला हे पटकन कळतं. वाफ जिरेपर्यंत कुकर उघडायचा नाही, हे त्याला आईनं कधीच सांगितलेलं असतं.