शाल, श्रीफळ आणि करिअर

मृग बरसो न बरसो, निकाल लागले की आमच्या हिंगोली जिल्ह्यात करिअर मार्गदर्शनाचं पीक हमखास येतं. हिंगोलीपासून वसमतपर्यंत, कळमनुरीपासून सेनगावपर्यंत चौकाचौकांत फ्लेक्स झळकतात: 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व भव्य करिअर मार्गदर्शन सोहळा'. फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे फोटो दाटीवाटीने, गुणवंत पोरं पासपोर्ट साइजमध्ये आणि करिअर कुठेच नाही.

निम्मं आयुष्य वर्गावर काढलेला मास्तर असल्यामुळे मला अशा मांडवांत पुढच्या रांगेत बसवतात. त्यामुळे कार्यक्रम तोंडपाठ झालाय. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, मग पाहुण्यांचं भाषण. पाहुणे बहुतेक वेळा नांदेडच्या नाहीतर लातूरच्या एखाद्या क्लासचे संचालक असतात, म्हणजे दुकानदारानेच गिऱ्हाइकाला काय विकत घ्यावं ते सांगायचं. कलामसाहेब येतात, स्वप्नं येतात, चहा विकणाऱ्याचा पोरगा कलेक्टर झाल्याची गोष्ट येते. एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही, बीएस्सीला असलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केल्यावर इथं जवळपास काय काम भेटंल? अन् पगार किती असतोय?" पाहुणे हसले. म्हणाले, "बेटा, पगाराच्या मागे धावू नकोस, पॅशनच्या मागे धाव." टाळ्या पडल्या. मुलगी खाली बसली. कार्यक्रम संपल्यावर आयोजकांनी पाहुण्यांच्या हातात पाकीट ठेवलं, तेव्हा पॅशनवाल्या पाहुण्यांनी ते खिशात घालण्याआधी अंगठ्याने चाचपून पाहिलं. मी शेजारीच उभा होतो.

माझं भांडण त्या पाहुण्याशी नाही. तो धंदा करतोय. माझं भांडण आहे ते सरकारशी, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सरकारच्या कागदांत आहे आणि सरकार ते देत नाही.

आधी हे उत्तर द्यायला काढलेल्या सरकारी कचेरीची कुळकथा सांगतो. 1945 साली, दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, फौजेतून मोकळ्या होणाऱ्या जवानांना कामं मिळवून द्यायला इंग्रज सरकारने पुनर्वसन आणि रोजगार खातं काढलं. त्यातून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं जाळं उभं राहिलं. 1959 साली कायदा झाला की सरकारी आस्थापनांनी आणि पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी मालकांनी रिकाम्या जागा या कचेरीला कळवल्याच पाहिजेत. किती साधी, किती शहाणी गोष्ट! जागा कुठे आहे ते आधी कळवा, मग पोराला सांगू. पण कळवतंय कोण आणि विचारतंय कोण? कायदा कपाटात राहिला आणि पाटी तेवढी बदलत गेली. आमच्या पिढीने नाव नोंदवलं ते सेवायोजन कार्यालयात. पुढे तिथे रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र झालं. आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला करिअर सेंटर म्हटलंय, म्हणजे रंगाऱ्याला पुन्हा काम आलं. एवढ्या ऐंशी वर्षांत कुणाला रोजगार मिळाला असेल तर तो पाट्या रंगवणाऱ्याला!

राष्ट्रीय मनुष्यबळ विकासाच्या गप्पा दिल्लीत याहून मोठ्या चालतात. 2009 च्या कौशल्य धोरणाने 2022 पर्यंत पन्नास कोटी लोकांना कुशल करायचं ठरवलं होतं. 2022 आलं आणि गेलं. इतक्या मोठ्या आकड्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही, हाच मोठ्या आकड्याचा फायदा. आकडा लहान असता, उदाहरणार्थ 'सेनगाव तालुक्यात यंदा बारा वेल्डर', तर सेनगावच्या माणसाने बोटं मोजून विचारलं असतं.

मार्गदर्शन चुकलं तर काय होतं, हे बघायला परदेशातले अहवाल नकोत. आमच्या कुठल्याही गावातली चाळिशीतली पोरं बघा. या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत मराठवाड्यात एकच मंत्र होता: बारावी झाली की डी.एड. करा. दोन वर्षांत मास्तर, गावाजवळ नोकरी, पोरीला स्थळ चांगलं. सरकारने कॉलेजांना परवानग्या वाटल्या, संस्थाचालकांनी देणग्या घेतल्या, बापांनी रानं विकली. 2010 ला शिक्षक भरतीची सीईटी झाली आणि मग सगळं थिजलं. 2012 मध्ये भरतीवर बंदी आली. पुढची चाचणी थेट 2017 च्या डिसेंबरात. तोवर पोरांची वयं गेली, लग्नं झाली, काही जण कापडाच्या दुकानात मापं घ्यायला लागले, काही जण इंग्रजी शाळेत रोजंदारीपेक्षा कमी पैशांवर एबीसीडी शिकवायला लागले. गावात जन्माला येणारी मुलं कमी होतायत, पटसंख्या घसरतेय, एवढे शिक्षक लागणार नाहीत, हा हिशेब शिक्षण खात्याकडे होता. पट तेच मोजतात! परवानगी देताना तो हिशेब बाहेर का काढला नाही? कारण परवानगी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही तो नको होता. एका पिढीला फसवल्याबद्दल एकाही माणसाची साधी बदलीसुद्धा झाली नाही.

तीच गोष्ट आज स्पर्धा परीक्षांची. 2023 च्या तलाठी भरतीत जागा 4,644 आणि अर्ज दहा लाखांवर. फी हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. गुणाकार ज्याचा त्याने करावा, शंभर कोटींच्या आसपास जातो. एका जागेमागे सव्वादोनशे अर्ज. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांना साडेसतरा लाखांहून जास्त अर्ज आले. हे आकडे पेपरात छापून येतात, पण अकरावीत बसलेल्या पोराच्या तोंडावर कुणी सांगत नाही. त्याला सांगतात, 'जिद्द ठेव.' अहो, दोनशे पंचवीस जणांनी सारखीच जिद्द ठेवली तरी दोनशे चोवीस घरीच बसणार. त्यात जिद्दीचा काय दोष? आणि हे कधी कुणी सांगणार नाही, कारण ज्याने खरं सांगायचं तोच फी घेतो, त्याच्या मागे क्लासवाला, त्याच्या मागे अभ्यासिकावाला, त्याच्या मागे खोली भाड्याने देणारा. पोराच्या आशेवर अख्खी बाजारपेठ उभी आहे.

यावर शहरातले शहाणे म्हणतात, गावाकडच्या पोरांना कष्ट नकोत, सरकारी खुर्ची हवी. त्यांना माझं निमंत्रण आहे. पहाटे पाचला हिंगोलीच्या बाहेर कुठल्याही रस्त्यावर या. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरची वेळ मारायला पोरं आणि आठशेची मारायला पोरी अंधारात पळत असतात. पायात फाटके बूट, घरी आई भाकरी बांधून सहाला रोजाने जाते. एका आईने मला विचारलं, "सर, किती वर्सं पळावं लागतंय म्हणजे लागतो नंबर?" हिला काय उत्तर देऊ? सरासरी किती प्रयत्नांनंतर निवड होते, हे निवड झालेल्यांच्या अर्जांवरून संगणक एका मिनिटात काढून देईल. कुणी काढायला सांगितलेलं नाही.

मध्यंतरी एक बरी गोष्ट झाली होती, तेही सांगतो. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली जायची. मुलाचा ओढा शेतीकडे की वाणिज्याकडे की गणवेशाच्या नोकरीकडे, ते कागदावर छापून मिळायचं. कागद घेऊन पोरगा घरी जायचा आणि बाप विचारायचा, "मंग आता काय करायचं?" उत्तर द्यायला कुणी नसायचं. या मातीतली एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नरसीच्या नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. पण गोष्ट तिथे थांबत नाही. नामदेव तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. आमच्या खात्याने लाखो पोरांच्या डोक्यावर थापटणं मारलं आणि विसोबाची नेमणूक करायची राहूनच गेली. पुढे चाचणीही बंद पडली. मग 2023 मध्ये राज्यातल्या सगळ्या 288 मतदारसंघांत छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने युवाशक्ती करिअर शिबिरं झाली. करिअरचा आणि मतदारसंघाचा काय संबंध, हे विचारू नका. जिल्हा हे रोजगाराचं एकक आहे, मतदारसंघ हे मतांचं.

नव्या शैक्षणिक धोरणात तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुताराकडे, कुंभाराकडे काम बघायचं असं लिहिलंय. आमच्याकडची कितीतरी पोरं दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात आणि त्यांचं दप्तर दहा दिवस नव्हे, पाच महिने सुटलेलं असतं. धोरण लिहिणाऱ्यांना हा व्यवसाय परिचय पुरेसा वाटावा!

आणि 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना? बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. आधी सहा महिने, मग आणखी पाच. पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत, कचेरीत जाऊन बसली, साहेबांच्या फाइली उचलल्या, ऑनलाइन माहिती भरली. मुदत संपल्यावर आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनाला बसली. त्यांना शिकवलं काय, हे ना साहेबाला सांगता येईल ना त्यांना. निवडणुकीच्या आधी मानधन सुरू करण्याला मनुष्यबळ विकास म्हणायचं असेल, तर मतदानाच्या आदल्या रात्री वाटतात त्यालाही म्हणा.

आता त्या केमिस्ट्रीवाल्या मुलीकडे येतो. तिला काम कुठे भेटंल? वसमतची हळद 2024 मध्ये भौगोलिक मानांकन घेऊन बसली आहे. वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झालंय. हिंगोलीच्या मार्केट यार्डात हंगामात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. हळद शिजवतात, वाळवतात, ड्रममध्ये घालून पॉलिश करतात, हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा. अंगावर पिवळी धूळ घेऊन हे काम करणारा हमाल आमचाच असतो. पण त्या हळदीत कुरकुमीन किती टक्के, कीटकनाशकाचा अंश किती, परदेशी गिऱ्हाईक कुठल्या कारणाने माल परत पाठवेल, हे तपासणारं काम केमिस्ट्रीवाल्याचं. व्यापारी हळकुंड हातात घेऊन मोडतो, आतला रंग बघतो आणि भाव ठरवतो. त्याच जागी शास्त्रीय तपासणी झाली तर शेतकऱ्याला भाव आणि त्या मुलीला पगार मिळेल. प्रयोगशाळेत किती माणसं लागणार, कुठल्या वर्षी, कुठल्या शिक्षणाची, हे केंद्राच्या आराखड्यात असणारच. पदांशिवाय सरकारी आराखडा मंजूर होत नाही. तो पदांचा तक्ता जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांच्या फलकावर का नाही?

औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याचं तर विचारूच नका. लायगो इंडिया! चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आत जवळपास पूर्ण निर्वात पोकळी, गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र. केंद्राने 2016 ला तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली, 2,600 कोटींचा खर्च, 2030 चं उद्दिष्ट. अख्खं जग ज्या गावाचं नाव घेणार, त्या गावच्या पारावर लायगोची चर्चा होते ती जमिनीच्या भावाची आणि गुत्तेदारीची. आमच्या पोरांना तिथे गेटवर वॉचमन म्हणून उभं करणार, हे मी आजच लिहून देतो. शास्त्रज्ञ बाहेरून येतील, यायलाच हवेत. पण निर्वात नळ्यांचं वेल्डिंग, वातानुकूलन, विजेची देखभाल, धूळविरहित खोल्यांची निगा ही कामं आयटीआय झालेल्या माणसाची आहेत, आणि ती बांधकाम संपल्यावर संपत नाहीत. आमच्या आयटीआयत साधं वेल्डिंग शिकवतात. निर्वात यंत्रणेच्या नळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र चालत नाही, तिथे लागणारा हात वेगळा असतो. तो आजपासून घडवावा लागतो.

म्हणून माझी मागणी भाषणांची नाही, एका कागदाची आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी मे महिन्यात तो प्रत्येक हायस्कूलच्या भिंतीवर चिकटवावा. गेल्या वर्षी कुठल्या भरतीत किती जागा, किती अर्ज, या जिल्ह्यातून किती लागले. आयटीआयच्या कुठल्या ट्रेडची किती मुलं कामाला लागली, कुठे आणि किती पगारावर. हळद केंद्रात, वैद्यकीय महाविद्यालयात, लायगोत पुढच्या पाच वर्षांत कुठली पदं भरणार. 2024 ला हिंगोलीत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, शंभर डॉक्टरांच्या जागा सगळ्यांना पाठ आहेत. त्यांच्यामागे लागणारे लॅब टेक्निशियन, एक्स-रेवाले, नर्स यांचा आकडा मला जिल्ह्यात कुणी सांगून दाखवावा. आणि एवढं सगळं करून पोराला पुण्या-मुंबईलाच जायचं असेल तर खुशाल जावं. 2024 पासून जनशताब्दी हिंगोलीहूनच सुटते. फक्त तिकडे खोलीभाडं जाऊन हातात काय उरतं, तेही त्या कागदावर छापा.

घाई कशाची, असं विचारणाऱ्यांसाठी शेवटचा हिशेब. मार्च 2027 ला दहावी देणारी औंढ्याची पोरगी दोन वर्षांचा आयटीआय करून 2029 ला बाहेर पडेल, एक वर्ष अप्रेंटिस करेल, की आलं 2030. म्हणजे तिच्या वर्गात जाऊन दुधाळ्याला कोणकोणती कामं आहेत ते सांगायची मुदत तिची दहावी संपण्याआधीची आहे. जिल्हा कौशल्य केंद्राच्या साहेबांनी गाडी काढावी. औंढ्याला जायला तासभर पुरे, आणि येताना शाल-श्रीफळ मिळणार नाही.