स्वस्त युद्धाचे महागडे गणित

गेल्या महिन्यात एका अभ्यासवर्गात शस्त्रस्पर्धेच्या अर्थकारणावर माझे बोलणे संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न केला : 'सर, अब्जावधींची जेट विमाने विकत घेण्यापेक्षा पिकांवर औषध फवारणाऱ्या साध्या विमानालाच शस्त्रे जोडली, तर गरीब राष्ट्राचा पैसा वाचणार नाही काय?' प्रश्न प्रामाणिक होता, म्हणूनच तो चिंताजनक वाटला. शस्त्रांचे व्यापारी आज जगभर हाच युक्तिवाद करीत आहेत आणि तो काटकसरीच्या वेशात येत असल्यामुळे आपल्याही मंडळींच्या गळी सहज उतरतो. तेव्हा या युक्तिवादाचा हिशेब एकदा नीट मांडणे आवश्यक आहे.

प्रथम वस्तुस्थिती. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ओल्नी या लहानशा गावी 'एअर ट्रॅक्टर' नावाची कंपनी शेतीची विमाने बनविते. तिच्या एटी-८०२ या विमानाच्या पोटात सुमारे तीन हजार लिटर औषध मावते. ते कच्च्या धावपट्टीवरून उडते, पिकाच्या शेंड्यावरून संथ गतीने जाते, त्याचे टर्बोप्रॉप इंजिन दणकट व देखभालीस सोपे असते आणि उंच बसलेल्या वैमानिकाला खालची जमीन स्पष्ट दिसते. शेतीसाठी योजलेला यातला प्रत्येक गुण युद्धालाही उपयोगी पडतो. औषधाचे वजन वाहण्याची ताकद बाँब, क्षेपणास्त्रे आणि जादा इंधन वाहण्याच्या कामी येते. वैमानिकाभोवती चिलखत बसविले, पोटाखाली कॅमेरा लावला, पंखांखाली शस्त्रे टांगली की भूदलाला जवळून हवाई साहाय्य देणारे, तासन्‌तास डोक्यावर घिरट्या घालणारे लढाऊ विमान तयार होते.

आता 'स्वस्त' या शब्दाकडे वळू. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांच्या कमांडने अशा ७५ विमानांचा करार केला. त्याची कमाल मर्यादा ३०० कोटी डॉलर होती. भागाकार करा : विमानामागे ४ कोटी डॉलर! या रकमेत उपकरणे, प्रशिक्षण, देखभाल हे सारे धरले आहे, हे मान्य. परंतु शेतकी रूपात याच विमानाची किंमत या आकड्याचा एक लहानसा अंश असते. जानेवारी २०१७ मध्ये केनियाला अशी १२ सशस्त्र विमाने आणि २ प्रशिक्षण विमाने विकण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने मंजूर केला, तेव्हा अंदाजित रक्कम ४१ कोटी ८० लाख डॉलर होती, म्हणजे विमानामागे जवळजवळ ३ कोटी. तो व्यवहार प्रत्यक्षात आला नाही. पण गणित मात्र उघडे पडले. सांगाडा शेतकऱ्याचा, भाव शस्त्रविक्रेत्याचा! स्वस्ताई कारखान्याच्या दारातच संपते, कारण नफा विमानात नसून त्यावर टांगलेल्या वस्तूंत आणि पुढील वीस वर्षांच्या सुट्या भागांत असतो.

आणि गरज? अमेरिकी सैन्य अफगाणिस्तानातून ऑगस्ट २०२१ मध्ये बाहेर पडले. त्यानंतर एका वर्षाने हा करार झाला. ज्या प्रकारच्या युद्धासाठी हे विमान कल्पिले गेले, ते युद्ध आटोपले होते; मागणी मात्र आटोपली नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने स्पष्ट सांगितले की ७५ हा आकडा आवश्यक ते विश्लेषण करण्याआधीच ठरविण्यात आला, सबब खरेदीचा वेग कमी करावा. पुढे संख्या ६२ वर आली, तरी योजना चालूच राहिली. आणि २०२५ मध्ये या विमानाचे नामकरण झाले, तेही व्हिएतनामच्या युद्धात बाँब टाकणाऱ्या 'स्कायरेडर'च्या नावावरून. आयसेनहॉवर यांनी १९६१ च्या निरोपाच्या भाषणात लष्कर आणि उद्योग यांच्या ज्या युतीचा इशारा दिला होता, तिचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

परंतु क्षणभर असे समजू की हे विमान खरोखरच स्वस्त आहे. मग तर धोका अधिकच वाढतो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात जे सांगितले, तेच येथे सांगावयाचे आहे : वस्तूची किंमत उतरली की तिचा वापर वाढतो. युद्धही याला अपवाद नाही. महागड्या विमानाचे प्रत्येक उड्डाण राज्यकर्त्याला विचार करावयास लावते. संसदेत प्रश्न उठतात, वर्तमानपत्रे हिशेब मागतात. उड्डाणाचा सीमान्त खर्च नगण्य झाला की हा विचारच नाहीसा होतो. बाँबफेक हा अपवादात्मक निर्णय न राहता रोजची गस्त बनते. जे युद्ध परवडते ते संपविण्याची घाई कोणालाच नसते.

याहून महत्त्वाचा प्रश्न : हे विमान कोणाविरुद्ध उडते? ते संथ आहे, खालून उडते, त्याला वेगाने पळून जाता येत नाही. ज्याच्यापाशी रडार आणि विमानवेधी क्षेपणास्त्रे आहेत अशा शत्रूपुढे ते टिकाव धरणार नाही, हे त्याचे पुरस्कर्तेही नाकारीत नाहीत. अर्थ उघड आहे. ज्याला आकाशाकडे पाहण्यापलीकडे काही करता येत नाही, अशांच्याच डोक्यावर हे विमान फिरू शकते. लिबियावर २०११ पासून संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी होती. तरीही पूर्व लिबियातील अल-खादिम तळावर संयुक्त अरब अमिरातीची अशी सशस्त्र फवारणी-विमाने असल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञ मंडळाने २०१७ मध्ये केली. अमिरातीला लिबियापासून कोणता धोका होता?

कोलंबियाची कथा तर अधिक बोधप्रद आहे. तेथे कोकाची झाडे जाळण्यासाठी अमेरिकेच्या पैशाने वर्षानुवर्षे ग्लायफोसेटची हवाई फवारणी झाली. त्या कामी एटी-८०२ होतेच; शिवाय व्हिएतनाम काळातील 'ब्रॉन्को' हे बंडखोरांविरुद्ध लढण्यासाठी बनविलेले लष्करी विमानही फवारणीला जुंपले गेले. खालून गोळ्या येत, म्हणून फवारणीच्या विमानांना चिलखत चढले. शेतीचे विमान आणि युद्धाचे विमान यांतील सीमारेषा तेथे पुसली गेली, आणि दोन्ही विमानांखाली होता तो एकच : गरीब शेतकरी. वाऱ्याने औषध सीमेपलीकडे गेले, पिके आणि माणसे बाधित झाली म्हणून इक्वाडोरने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. २०१३ मध्ये कोलंबियाने दीड कोटी डॉलर देऊन तो मिटविला. ग्लायफोसेट बहुधा कर्ककारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने दिल्यानंतर २०१५ मध्ये कोलंबियाने ही फवारणी थांबविली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो डावीकडूनच येईल. सोव्हिएत संघाचे पोलिकार्पोव्ह यांनी बनविलेले लाकूड-कापडाचे यू-२ हे विमान शेतात फवारणी करीत असे. त्याच विमानातून महिला वैमानिकांच्या ५८८ व्या रेजिमेंटने रात्रीच्या अंधारात नाझी सैन्यावर बाँब टाकले. १९९१ मध्ये वेढ्यात सापडलेल्या व्हुकोवारसाठी क्रोएशियनांनीही फवारणीची एएन-२ विमाने वापरली. मग तेथे योग्य ते येथे अयोग्य कसे? उत्तर सोपे आहे. त्या वैमानिकांच्या खाली तोफा होत्या, वर लढाऊ विमाने होती. आपल्याहून बलाढ्य शत्रूपुढे, हाती दुसरे काही नव्हते म्हणून त्यांनी हाती होते ते उचलले. घरावर दरोडा पडला असता कोयता उचलणे वेगळे आणि कोयत्याला सोन्याची मूठ बसवून तो दरोडेखोराला विकण्याचा कारखाना काढणे वेगळे. आमचा विरोध त्या कारखान्याला आहे.

शेती आणि युद्ध यांची ही देवघेव जुनीच आहे. १९२१ मध्ये ओहायो राज्यात विमानातून पहिली कीटकनाशक फवारणी झाली, ती लष्करी प्रशिक्षण-विमानातून. टॅबून हा मज्जाघातक विषारी वायू १९३६ मध्ये जर्मनीत कीटकनाशकाच्या शोधात हाती लागला. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी वायुदलाने व्हिएतनामच्या जंगलांवर आणि भातशेतीवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके ओतली. तेव्हा यंत्र निरागस असते, प्रश्न फक्त वापराचा असतो, हे म्हणणे अर्धेच खरे. वापर कोण ठरवितो आणि त्यातून कोणाची तिजोरी भरते, हा उरलेला अर्धा प्रश्न आहे.

हे सारे दूरदेशीचे, असे कोणी समजू नये. ५ मार्च १९६६ रोजी आणि त्यानंतरच्या दिवसांत आपल्याच वायुदलाच्या 'तूफानी' व 'हंटर' विमानांनी ऐजॉलवर हल्ले केले. बंड मोडण्यासाठी आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर विमाने पाठविण्याचा निर्णय या प्रजासत्ताकाने एकदा घेतलेला आहे. जी विमाने केवळ निःशस्त्र आकाशाखालीच उडू शकतात, ती 'अंतर्गत सुरक्षे'च्या नावाने दंडकारण्यात किंवा ईशान्येत नेण्याचा मोह उद्याच्या राज्यकर्त्यांना होणार नाही, याची हमी कोण देणार? दुसरा मार्गही आपणच दाखविलेला आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९७२ मध्ये 'बसंत' हे निव्वळ शेतीचे विमान उडविले. चाळीसच्या आसपास विमाने बांधून १९८० मध्ये त्याचे उत्पादन थांबले. २०२० च्या टोळधाडीत वायुदलाने आपली एमआय-१७ हेलिकॉप्टरे फवारणीसाठी बदलून घेतली. शस्त्राचे अवजार करता येते, हे आपल्या तंत्रज्ञांनी सिद्ध केलेले आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शेतकी वा नागरी विमानाचे शस्त्रीकरण करणारा कोणताही सांगाडा शस्त्र समजूनच निर्यात-नियंत्रणाखाली आला पाहिजे. २०१३ च्या शस्त्रव्यापार करारावरील मतदानात भारत तटस्थ राहिला; त्या तटस्थतेचा संसदेत फेरविचार झाला पाहिजे. आणि देशांतर्गत असंतोषावर हवाई शस्त्रांचा वापर कायद्याने निषिद्ध झाला पाहिजे. या तीन मागण्यांसाठी प्रत्येक अभ्यासवर्गात, प्रत्येक सभेत बोलावे लागेल.

त्या तरुण मित्राला मी शेवटी इतकेच म्हणालो : गरीब राष्ट्राचा पैसा वाचवावयाचा असेल, तर आधी विचार की तो बाँब पडणार कोणावर. उत्तर 'गरिबावर' असे आले, तर त्या वहीत बचतीचा रकाना शोधू नकोस.