नव्या तांदळाला पाणी किती

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या नांदे गावात भाताची झोडणी उरकली होती आणि नवा तांदूळ गिरणीवरून घरोघरी येत होता. आमच्या ओळखीच्या एक मावशी दरवर्षी घरचा इंद्रायणी विकतात. वर्षभरापूर्वीच गावात राहायला आलेल्या एक ताई त्यांच्याकडून पाच किलो घेऊन गेल्या होत्या, त्या तिसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन परत आल्या. भाताचा नुसता गिचका होतो, तांदळात काहीतरी मिसळलेले दिसते, असे त्यांनी दारातूनच सांगितले. मी अंगणात बसलो होतो. आता कडाक्याचे भांडण होणार असे मला वाटले.

मावशींनी पिशवीत हात घातला, मूठभर दाणे तळहातावर घेऊन बोटाने पसरले आणि विचारले, "पानी किती घातलं व्हतं?"

"वाटीला दोन वाट्या. नेहमी घालते तेवढंच."

"नवा तांदूळ हाये, ताई. त्याला येवढं पानी नाय सोसत. दीड वाटी घालून बघा. तरीबी गिचका झाला, तर पैसं घेऊन जावा."

ताईंनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या. पैसे मागायला आल्या नाहीत. जानेवारीत आणखी दहा किलो न्यायला आल्या.

हा प्रसंग वर्षभर माझ्या मनातून गेला नाही, आणि या दिवाळी अंकाची कल्पनाही त्यातूनच निघाली. मावशींच्या मालावर सरळ आळ घेतला गेला होता. चिडायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण त्यांनी आधी विचारले, मग आपल्या हाताला जे ठाऊक होते तेवढेच सांगितले, आणि ते खरे की खोटे हे बघायचे काम समोरच्या बाईंच्या चुलीवर सोपवले. आपले चुकले तर काय करायचे, तेही आधीच सांगून ठेवले. रोजच्या साध्या गोष्टीबद्दल मत द्यावे ते असे, हे मला त्या दिवशी समजले.

मराठीत 'मत' हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. मतपेटीत टाकायचे मत गुप्त असते, ते मोजले जाते आणि एकदा टाकले की परत काढता येत नाही. बोलण्यातले मत उघडे असते. ते मोजायचे नसते, आणि दुसऱ्याचे ऐकून बदलता येते, हीच त्याची मोठी सोय आहे. मला काळजी वाटते ती अशी, की अलीकडे आपण दुसरे मतही पहिल्यासारखेच वागवू लागलो आहोत. लग्नातला डीजे असो, पोराला कोणत्या शाळेत घालायचे हे असो, दशक्रियेच्या जेवणाचा खर्च असो, एकदा तोंडातून शब्द गेला की माघार नाही. मग आपल्या बाजूला किती जण आहेत ते मोजणे सुरू होते.

भाषेने मात्र जुनी खूण जपून ठेवली आहे. आपण मत 'मांडतो'. पाट मांडतात, चूल मांडतात, डाव मांडतात, संसार मांडतात. मांडलेली वस्तू चारचौघांसमोर असते, कुणीही ती उचलून पाहावी, थोडी इकडे सरकवावी, नको असेल तर तशीच राहू द्यावी. मत 'ठोकून देणे' आणि 'लादणे' हेही शब्दप्रयोग आपल्याकडे आहेत, आणि ते ऐकतानाच अंग आक्रसते.

आमच्या गावाला असे मत मांडण्याची गरज आज जास्त आहे. मुळा नदीपलीकडे हिंजवडी उभी राहिली, तिकडे नोकरी करणारी माणसे अलीकडे घरे शोधत आली. सूस आणि म्हाळुंगे ही शेजारची गावे ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेली. तेव्हा २३ गावे घेतली, त्या यादीत नांदे नव्हते. म्हणून आजही इथे एका बाजूला भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूला इमारती, आणि दोहोंचा कारभार एकाच ग्रामपंचायतीत. पारावर बसणारे इमारतीतल्या लोकांबद्दल बोलतात. लिफ्टमधून खाली येणारे गावाबद्दल बोलतात. बोलणे भरपूर होते, पण ज्याच्याबद्दल बोलायचे तो तिथे नसतो. गावाच्या नावातच मला 'नांदणे' ऐकू येते. नांदायला आलेली सून दोन दिवस गप्प असते, म्हणून तिला मत नसते असे कुणी समजू नये. आणि सासरच्यांनाही तिच्याबद्दल थोडी धास्ती असते, हे तिनेही समजून घ्यावे.

एकत्र बोलायची जागा कायद्याने दिलेली आहे. ती म्हणजे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ मधली ग्रामसभा. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे, मग तो सात पिढ्यांचा असो की गेल्या वर्षी आलेला. वर्षातून निदान चार सभा व्हाव्या लागतात, आणि त्याआधी बायकांची वेगळी सभा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे आपण शंभर जण जमलो नाही तरी निर्णय व्हायचा तो होतोच. हे मला फार लागते. पण त्याहून मोठी अडचण अशी की ग्रामसभेत आपण येतो तेव्हा मत आधीच वाळून घट्ट झालेले असते. विषय पुकारला जातो, दोन आवाज चढतात, हात वर होतात. मधला विचार करायला वेळच नसतो.

यावर एका गावाने काढलेली वाट मला आपल्या सगळ्यांसमोर ठेवावीशी वाटते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल या दोघांची नावे त्या गावाबरोबर घेतली जातात. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे गाव म्हणून ते देशभर माहीत झाले. वनहक्काची बातमी झाली, पण तिच्या मागे कित्येक वर्षांची बोलायची सवय होती. तिथे ग्रामसभा निर्णय घेते तो बहुमताने नाही, सर्वसहमतीने. आणि ग्रामसभेच्या बाजूला एक अभ्यासगट चालतो. ज्याला विषयाची आवड आहे त्याने यावे, बाहेरच्या जाणत्या माणसालाही बोलवावे, माहिती गोळा करावी, शंका काढाव्यात. या गटाला निर्णय घ्यायचा अधिकार नाही.

शेवटचे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात घोळवले आहे. जिथे निर्णय घ्यायचाच नाही, तिथे कुणाला जिंकायचे नसते. माणूस मोकळेपणाने म्हणू शकतो, मला हे नीट कळले नाही, परत सांगा. किंवा, काल मी म्हणालो ते आज मला तितकेसे पटत नाही. सर्वसहमतीत एकाचा नकारही सगळ्यांना थांबवू शकतो, त्यामुळे नाही म्हणणाऱ्याला गप्प बसवून चालत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसावे लागते. याला वेळ लागतो. तो वेळ द्यावा असे माझे ठाम म्हणणे आहे. आमच्या गावात रस्ता, पाणी, कचरा, देवळातल्या कर्ण्याचा आवाज, असल्या प्रत्येक गोष्टीवर ग्रामसभेच्या महिनाभर आधी पारावरचे आणि इमारतीतले दहा-दहा जण नुसते बोलायला बसले, तर पुष्कळ काही बदलेल.

दिवाळी अंकाने हे काम करावे का, असे काहींनी विचारले. माझ्या मते त्यानेच करावे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून मराठीतली ही परंपरा धरली जाते. ते मूळचे आजगावकर. बंगाली शिकवणाऱ्या गुरूचे आडनाव त्यांनी आपले म्हणून घेतले. मराठी घरात दिवाळीला अंक आणणारा माणूस 'मित्र' होता, याचे मला दर वर्षी नव्याने बरे वाटते. फराळाच्या ताटाशेजारी ठेवलेला अंक घरातले सगळे उचलतात, आजीही आणि नातूही. एकाच पानावर दोघांचे वेगळे म्हणणे निघते आणि चकली खाता खाता बोलणे होते.

म्हणून यंदा आम्ही नामवंतांकडे कथा-कविता मागायला गेलो नाही. गावातल्या लोकांना एकच विनंती केली: रोजच्या जगण्यातल्या एखाद्या गोष्टीबद्दल तुमचे मत लिहून द्या, पण ज्याला ते पटणार नाही असा एक माणूस डोळ्यांसमोर ठेवून लिहा. लेख आले ते चहातल्या साखरेपासून पोरींच्या नोकरीपर्यंत. काही कच्चे आहेत. आम्ही व्याकरणापलीकडे हात लावलेला नाही.

त्यांतला एक कागद इथे दाखवतो. सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी आठवीतल्या नातीकडून तो लिहवून घेतला आहे, विषय जमीन विकण्याचा. पहिली ओळ होती, 'जमीन विकणारे आईला विकतात.' ती खोडली आहे. तिच्याखाली 'जमीन विकणाऱ्यांचे चुकले', तीही खोडलेली. तिसरी ओळ राहिली: 'मी विकली नाही. ज्यांनी विकली त्यांच्या घरात तेव्हा काय अडचण होती, ते मी कधी विचारले नाही.' नातीने सांगितले की दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये आजोबा बराच वेळ बोलले नाहीत, चहा घेतला, बाहेर जाऊन आले.

तो कागद आम्ही खाडाखोडीसकट छापला आहे. समोरचे पान जमीन विकलेल्या कुणाला तरी द्या, असे आजोबांनी सांगून ठेवले होते. ते पान ज्यांनी लिहिले त्यांचे आणि आजोबांचे शेत एकाच बांधाला लागून होते.