पॅकेज सासरी, बाळंतपण माहेरी

आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी येते. रीत जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र काही खासगी दवाखान्यांत नाव नोंदवतानाच सर्व तपासण्या व प्रसूती यांची एकत्रित रक्कम, म्हणजे ‘पॅकेज’, ठरवली जाते. बाई अर्ध्यातून माहेरी गेली तर या पैशांचे काय, हे कोणीच आधी बोलत नाही.

गेल्या महिन्यात गडमुडशिंगीत माझ्याकडे अशीच एक माहेरवाशीण आली. आठवा महिना. तिचा रक्तगट निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा बाईला २८ व्या आठवड्याच्या सुमारास ‘अँटी-डी’ इंजेक्शन देतात. ते चुकल्यास पुढच्या गरोदरपणात बाळाला धोका संभवतो. ते झाले का, असे विचारले तर म्हणाली, “एक सुई दिलीय डॉक्टर, पण ती धनुर्वाताची का दुसरी, काय म्हाईत!” फाईल सासरच्या गावी दवाखान्यात. पॅकेजचा राहिलेला हप्ता भरा, मग कागद न्या, असे तिथले उत्तर. जावईबापूंनी दोन दिवस हेलपाटे घातले, पैसे भरले, तेव्हा झेरॉक्स मिळाली. इंजेक्शन वेळेवर दिलेले होते! उपचार चोख, अडला होता तो हिशेब.

डॉक्टरांचीही बाजू आहे. पाच-सहा महिने तपासायचे, रात्री-अपरात्री फोन घ्यायचे आणि प्रसूती दुसरीकडे व्हायची. म्हणून केलेल्या कामाचे पैसे जरूर घ्यावेत. न केलेल्या प्रसूतीचे का घ्यावेत? अमेरिकेत विमा कंपन्यांसाठी याची चोख विभागणी अनेक वर्षे चालत आली. तीन तपासण्यांपर्यंत दर भेटीचे वेगळे बिल, चार ते सहा झाल्यास एक सांकेतिक क्रमांक, सात किंवा अधिक झाल्यास दुसरा, आणि प्रसूती करणाऱ्याचे बिल निराळे. आपल्याला सांकेतिक क्रमांक नकोत. तारीखवार पावती पुरे. खरे सांगायचे तर मीही पूर्वी चिठ्ठीवर ‘तपासले, ठीक’ एवढेच खरडून पाठवीत असे. पुढच्या डॉक्टरने त्यावरून काय समजावे?

सरकारी व्यवस्थेला आपण ऊठसूट नावे ठेवतो, पण येथे ती पुढे आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक तपासणीची नोंद होते आणि कार्ड बाईबरोबर गावोगाव फिरते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात सिझेरियनसुद्धा विनामूल्य आहे. खासगीत नाव घातले तरी हे कार्ड जरूर काढावे व तेथील डॉक्टरांकडून भरून घ्यावे.

नाव नोंदवतानाच स्पष्ट सांगावे, “बाळंतपण माहेरी आहे, दर भेटीचे पैसे घ्या.” पॅकेज घ्यायचेच झाले तर मध्येच गेल्यास किती परत मिळणार, ते लिहून घ्यावे. ओटीभरणाची तारीख ठरली की आधी कागद मागावेत: रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपीच्या नोंदी, सोनोग्राफीचे रिपोर्ट, इंजेक्शनांच्या तारखा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी.