उंदराची साक्ष

मी कॉन्व्हेंटवाली, मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या!

आमच्या तेल्हाऱ्यात शेजारच्या काकूंच्या मुलाच्या डोळ्यांत जन्मतःच रंगीत पडदा, म्हणजे आयरिस नाही. वऱ्हाडच्या उन्हात पोराला डोळे उघडवत नाहीत. "ग्रहणात भाजी चिरली असन इनं," म्हणून बायांनी सगळा दोष काकूंवर ढकलला.

या आजाराचं नाव अॅनिरिडिया. बहुतेक वेळा कारण एकच, पॅक्स-सिक्स या जनुकातला बिघाड. १९९१ साली हे जनुक माणसात सापडलं आणि त्याच वर्षी 'स्मॉल आय' उंदरांतही तेच बिघडलेलं निघालं. एक प्रत बिघडली तर डोळे लहान, दोन्ही बिघडल्या तर डोळेच नाहीत, पिल्लू जन्मताच मरतं.

उंदीरच का? माणसाचा डोळा गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात घडू लागतो. तिथे डोकावणार कसं? उंदरिणीचं अख्खं गरोदरपण साधारण २० दिवसांचं. हवं ते जनुक बंद केलेला उंदीर घडवण्याच्या तंत्राला २००७ चं नोबेल मिळालं. असे उंदीर आता पुण्याच्या आयसरमध्येही तयार होतात.

रूममेट म्हणते, "मुक्या जीवाला कशाला छळायचं?" प्रश्न खराच आहे. म्हणूनच १९९८ च्या नियमांप्रमाणे अशा प्रयोगाला समितीची परवानगी लागते. पण हॉस्टेलात उंदरांना विष घालताना आपण कोणती समिती बसवतो?

बिघाड कधी आईकडून येतो, कधी वडिलांकडून, कधी नव्यानेच होतो. विळीचा त्यात काही संबंध नाही. उंदराने जीव देऊन ही साक्ष दिली आहे. ती काकूंच्या दारापर्यंत कोण नेणार? दिवाळीत गावी जाणारे आपणच ना!