विनातिकीट मैफलीचा ताळेबंद

आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जाते. बेलवाडीच्या रिंगणाला गावोगावची माणसे लोटतात. टाळ-मृदंगाच्या साथीने उठणारा अभंग ऐकण्यासाठी कोणालाही तिकीट काढावे लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली संगीत ऐकण्याची सवय या भागाला पिढ्यान्‌पिढ्या आहे. शास्त्रीय संगीत मात्र पुण्या-मुंबईच्या सभागृहांत, पैसे मोजून आणि जाणकारांनीच ऐकायचे असते, असा समज येथील अनेक घरांत रुजला आहे.

हा समज खोडून काढणारे उदाहरण फार दूर नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उरुसाच्या काळात संगीतसभा भरते. किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच आवारात आहे. उत्तर प्रदेशातील कैराना येथे १८७२ साली जन्मलेले खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला. दफन मात्र मिरजेतच झाले. त्यांच्या स्मृतीस वाहिलेल्या या सभेला प्रवेशशुल्क नसते. तेथे गाणे हा कलावंतांच्या लेखी व्यवसाय नसून हजेरी असते. किराणा घराण्यातील थोर गायकांनी तेथे आपली सेवा रुजू केली आहे.

या स्वरांशी इंदापूरकरांचे नाते आणखी एका वाटेने जुळते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील शेतांत पिकतात. इंदापूरच्या सीमेवरून वाहणारी भीमाच पुढे त्या मुलखात जाते.

विनामूल्य श्रवणाने काय साधते, याचे उत्तर पंडित भीमसेन जोशी यांच्या बालपणात सापडते. बँडपथक किंवा भजनी मंडळ दिसले की हा मुलगा भान हरपून त्यामागे चालू लागे आणि वाट चुके. अखेर वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले. पुढे एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी कानी पडली, आणि वयाच्या अकराव्या वर्षी तो गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. त्या मुलाच्या खिशात तिकिटाचे पैसे नव्हते. सूर मात्र रस्त्यावर त्याच्यापर्यंत पोहोचले. याच मुलाने पुढे गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला.

तथापि, विनामूल्य या शब्दाचा हिशेब नीट मांडला पाहिजे. श्रोत्याच्या नावे काही पडत नाही, याचा अर्थ खर्चच होत नाही असा नव्हे. मंडप, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, साथसंगत आणि प्रवास यांचे पैसे कोणीतरी भरतोच. मिरजेत कलावंत स्वेच्छेने हजेरी लावतात, म्हणून इतरत्र त्यांच्याकडून फुकट गाण्याची अपेक्षा धरणे न्यायाचे ठरत नाही. तबलजी आणि संवादिनीवादक यांचा चरितार्थ याच कलेवर चालतो. श्रोत्याला मुक्त प्रवेश आणि कलावंताला पूर्ण मानधन, अशा दोन्ही रकाने भरलेल्या मैफलीचाच ताळेबंद जुळतो.

वेळेचाही विचार आवश्यक आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. काही ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळू शकते. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या मैफली दुर्मीळ झाल्या. परंतु सकाळी सहानंतरची वेळ मोकळी आहे. भैरव, तोडी यांसारख्या रागांची हीच वेळ. सूर्यास्तानंतर अन्नग्रहण न करणाऱ्या जैन कुटुंबांनाही सायंकाळपेक्षा सकाळची मैफल अधिक सोयीची ठरते.

आपल्या समाजात आई-वडिलांच्या स्मरणार्थ बाकडी, पाणपोया, खोल्या देण्याची उदार परंपरा आहे. ती योग्यच आहे. परंतु वर्षातून एक सकाळ, बारामतीत कऱ्हेच्या काठी किंवा इंदापुरात एखाद्या शाळेच्या पटांगणात, एखाद्या कुटुंबाने सतरंजी अंथरून गायक बोलावला, तर तेही स्मारकच होईल. त्यावर नाव कोरलेले नसेल. पुढच्या रांगेत मात्र यजमानांऐवजी शाळेतली मुले बसवावीत. त्यांतील बहुतेक मुले तासाभराने चुळबुळ करतील, काही उठून खेळायला जातील. त्यांना अडवू नये. एखादे मूल तंबोऱ्याकडे पाहत तेथेच बसून राहील. सारा खर्च त्या एका मुलासाठी होता, असे समजावे.