प्रमाणाचा दंडक आणि तंजावरची मराठी

तंजावरच्या मराठीला महाराष्ट्रात सहसा दोनच विशेषणे मिळतात : ‘गोड’ आणि ‘बिघडलेली’. पहिले कौतुकाचे, दुसरे निवाड्याचे. दोहोंमागे गृहीत मात्र एकच आहे : अस्सल मराठी मुळा-मुठेच्या काठी नांदते आणि इतरत्र आढळते ते तिचे कमीअधिक झिजलेले रूप. हे गृहीत इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत ती गादी भोसल्यांकडे राहिली. या काळात कावेरीकाठी मराठी ही केवळ दरबारी मंडळींची घरगुती बोली नव्हती. कारभार, कीर्तन, नाटक आणि शास्त्रचर्चा यांची ती भाषा होती. शहाजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १६८४ ते १७१२ या काळात, तेथे मराठी नाटके रचली गेली. तरीही मराठी रंगभूमीचा आरंभ सांगताना १८४३ साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या प्रयोगाकडेच बोट दाखविण्याची रूढी आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ या नाटकात कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार घेतला, भाषा मराठी ठेवली आणि विषय निवडला पृथ्वीच्या भूगोलाचा. अशा कृतीला ‘परिघावरची’ म्हणावयाचे, तर केंद्र कोठे आहे हे आधी सांगावे लागेल.

१८०३ मध्ये याच सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. शासनमान्य शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. ज्या नियमांचा जन्मच झाला नव्हता, ते मोडल्याचा आरोप त्या शिलालेखावर कसा ठेवता येईल? तंजावरची मराठी प्रमाणापासून ढळलेली नाही. प्रमाण ठरण्यापूर्वीच ती आपल्या वाटेने निघाली होती.

आक्षेप घेणारे म्हणतात, तिच्यात तमिळ शिरली आहे. शिरली आहे, यात शंका नाही. तीन शतकांहून अधिक काळ तमिळ शेजारात राहून शब्द आणि वाक्यांची घडण उचलली नसती, तरच नवल. पण हाच न्याय पुण्याच्या भाषेला लावला, तर ‘अर्ज’, ‘दप्तर’, ‘सरकार’, ‘जमीन’ यांचे काय करावयाचे? फारसी शब्द पचविले की भाषा समृद्ध आणि तमिळ पचविले की भ्रष्ट, हा भेद भाषाशास्त्राचा नव्हे, सत्तेचा आहे. शिवाय ज्याचा प्रमाण मराठीला सार्थ अभिमान वाटावा, तो ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद प्रमाण हिंदीत नाही. तमिळमध्ये मात्र तो स्पष्ट आहे. द्राविड भाषांच्या सहवासाचा हा ठसा अनेक अभ्यासकांनी मानला आहे. ज्या झऱ्याचे पाणी प्रमाणभाषाही प्याली, त्याच झऱ्यावरून तंजावरला दोष देणे न्यायाचे नाही.

फ्रेंच भाषेचा दाखला येथे दूरचा नाही. तंजावरच्या राज्यातील कारैकाल १७३९ मध्ये फ्रेंचांकडे गेले, तेव्हा पॅरिसच्या फ्रेंच अकादमीला शंभर वर्षे उलटून गेली होती. १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार यांनी राष्ट्रीय सभेपुढे ग्रामीण बोली नष्ट करण्याची आवश्यकता प्रतिपादिली. बोलींची पुढे मोठी हानी झाली. तरीही फ्रेंच एकसाची झाली नाही. सत्तर या संख्येला पॅरिसमध्ये ‘साठ-दहा’ म्हणतात. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषक भागात ‘सेप्तांत’ हा सुटा शब्द चालतो, आणि हिशेब कोठेच चुकत नाही. एवढेच नव्हे, तर विसाव्या शतकातील फ्रेंचचे सर्वाधिक मान्यता पावलेले व्याकरण १९३६ मध्ये लिहिले ते मोरिस ग्रेव्हिस या बेल्जियन शिक्षकाने. प्रमाणाचा कारागीर राजधानीतलाच असावा लागतो, असे नाही.

प्रमाणभाषा नकोच, असा याचा अर्थ नाही. कायदा, पाठ्यपुस्तके आणि परस्पर पत्रव्यवहार यांना समान लेखनरूप हवे. परंतु समान लेखनरूप हे सोयीचे साधन आहे. त्याला शुद्धीअशुद्धीचा न्यायाधीश केले की अनर्थ सुरू होतो. आपली भाषा चुकीची आहे असे वारंवार ऐकणारा भाषक ती सुधारत बसत नाही. तो ती सोडून देतो. तंजावरकडील मराठी भाषकाला तमिळ शाळेत आणि बाजारात मिळते, इंग्रजी नोकरीत मिळते; मराठी केवळ घरात उरते. तिच्या वाट्याला आप्तांकडूनच हसे आले, तर ती घरातूनही जाईल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. प्राचीनतेचा गौरव मिरविणाऱ्यांनी तिचा विस्तारही स्वीकारला पाहिजे. सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते संपादित करताना त्यांतील रूपे ‘दुरुस्त’ करू नयेत. तंजावरी शब्द कोशात सन्मानाने यावेत, जिवंत बोलीचे ध्वनिमुद्रण व्हावे आणि वाङ्मयेतिहासात तंजावरला परिशिष्टाऐवजी प्रकरण मिळावे. हे उपकार नव्हेत. ते मराठीचे थकलेले देणे आहे, आणि ते फेडावयाचे तर तंजावरच्या घरांत ही भाषा बोलली जात आहे तोवरच फेडले पाहिजे.